कॅनबेराची संसद बघायची तर जुन्या पायऱ्यांपासून

सिडनीहून बसने साडेतीन तासांत कॅनबेरा, म्हणजे ऑस्ट्रेलियाची राजधानी येते. बहुतेक पर्यटक थेट टेकडीवरच्या नव्या संसदेत जातात, 81 मीटर उंच ध्वजस्तंभाखाली फोटो काढतात आणि परत फिरतात. माझं सांगणं, आधी टेकडीच्या पायथ्याची पांढरी बैठी इमारत बघा. 1927 ते 1988 संसद इथे भरत होती; आता तिथे लोकशाहीचं संग्रहालय आहे. राजा असलेल्या देशात संघराज्य आणि संसद एकत्र कशी चालतात, आणि कुठे अडकतात, ते याच इमारतीत नीट उलगडतं.

आत शिरलं की किंग्ज हॉल. पाचव्या जॉर्जचा ब्राँझचा पुतळा, एका अंगाला प्रतिनिधीगृहाचं (खालच्या सभागृहाचं) दार, दुसऱ्या अंगाला सिनेटचं (वरच्या सभागृहाचं). खालच्या सभागृहाच्या बाकांचं चामडं हिरवं, सिनेटचं लाल. नव्या अधिवेशनाच्या उद्घाटनाला गव्हर्नर-जनरल, म्हणजे राजाचे प्रतिनिधी, येतात ते लाल दालनात. हिरव्या सभागृहात राजाने किंवा त्याच्या प्रतिनिधीने पाऊल टाकायचं नाही, कारण 1642 मध्ये लंडनला पहिला चार्ल्स पाच खासदारांना पकडायला सभागृहात घुसला होता. म्हणून खासदारांनाच काळी छडी घेतलेला अधिकारी निरोप देऊन सिनेटमध्ये बोलावून आणतो.

राज्यघटना 1 जानेवारी 1901 पासून लागू आहे. सहा ब्रिटिश वसाहती एकत्र येऊन सहा राज्यं झाली. कलम 61 म्हणतं की कार्यकारी सत्ता राणीची (आज अर्थातच राजाची) आणि ती वापरणार गव्हर्नर-जनरल. ‘पंतप्रधान’ हा शब्द मात्र संपूर्ण घटनेत नाही. खालच्या सभागृहात बहुमत ज्याच्यामागे, त्याला सरकार बनवायला बोलवायचं आणि त्याच्या सल्ल्याने चालायचं, हे सगळं संकेतावर. गव्हर्नर-जनरल कोण, हे पंतप्रधान ठरवतो आणि राजा नेमणूक करतो. पंतप्रधानाने सांगितलं तर राजा गव्हर्नर-जनरलना पदावरून परतही बोलावतो.

आपल्याकडच्या वाचकाने एक फरक इथेच पक्का लक्षात ठेवावा. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, म्हणजे प्रत्यक्षात केंद्र सरकार. ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याचा गव्हर्नर त्या राज्याच्याच मुख्यमंत्र्याच्या (तिथे ‘प्रीमियर’ म्हणतात) सल्ल्याने राजा नेमतो. 1986 च्या ऑस्ट्रेलिया कायद्याने हा सल्ला थेट राजाकडे जातो. कॅनबेराचा त्यात काही संबंध नाही. एकच राजमुकुट, पण त्याचे सात प्रतिनिधी, आणि सात मंत्रिमंडळांचे सल्ले. केंद्राचा माणूस राजभवनात बसून राज्य सरकारला अडवतोय, हे भांडण तिथे उभंच राहत नाही. मला ही रचना आपल्यापेक्षा सरस वाटते.

आता सिनेट. प्रत्येक राज्याचे 12, दोन केंद्रशासित प्रदेशांचे प्रत्येकी 2, एकूण 76. प्रतिनिधीगृहात न्यू साउथ वेल्सचे 46 खासदार आणि टास्मानियाचे 5. सिनेटमध्ये दोघांचे सारखेच 12. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राचे 19 आणि गोव्याचा 1, हे आठवलं की फरक कळतो. पैशाच्या विधेयकावर राज्यसभा 14 दिवसांपलीकडे काही करू शकत नाही. सिनेटला मात्र कलम 53 नुसार सरकारच्या नेहमीच्या खर्चाच्या विधेयकात दुरुस्ती करता येत नाही, पण ते नाकारता येतं किंवा नुसतं पडून ठेवता येतं. म्हणजे सरकार पाडायचं ते हिरव्या सभागृहाने, पण त्याची तिजोरी बंद करण्याची ताकद लाल सभागृहाकडे. सांधा दुखतो तो इथे.

1975 मध्ये तो निखळला. लेबर पक्षाचे पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्याकडे खाली बहुमत होतं, सिनेटमध्ये नव्हतं. क्वीन्सलँडचा एक लेबर सिनेटर वारला. रिकाम्या जागी माणूस पाठवायचा अधिकार राज्याचा. तिथल्या विरोधी सरकारने लेबरने दिलेलं नाव नाकारून दुसऱ्यालाच पाठवलं. त्याच्या पात्रतेला न्यायालयात आव्हान मिळालं, तो बाहेर राहिला आणि लेबरचं एक मत घटलं. ऑक्टोबरमध्ये सिनेटने खर्चाची विधेयकं फेटाळली नाहीत, फक्त लांबणीवर टाकली. पगाराचे पैसे संपत आले.

11 नोव्हेंबरला दुपारी एकच्या सुमारास गव्हर्नर-जनरल जॉन केर यांनी व्हिटलमना बडतर्फ केलं आणि विरोधी नेते माल्कम फ्रेझरना काळजीवाहू पंतप्रधान नेमलं. व्हिटलमनी ही बातमी आपल्या सिनेटरांना कळवलीच नाही. परिणामी अडीचच्या आत सिनेटने विधेयकं मंजूर केली, तीही लेबरच्या पाठिंब्याने! मग प्रतिनिधीगृहाने फ्रेझरविरुद्ध अविश्वास ठराव संमत केला. तो घेऊन निघालेल्या सभापतींना केर यांनी पावणेपाचची वेळ दिली, आणि तोवर जुन्या संसदेच्या या पायऱ्यांवर केर यांचे सचिव दोन्ही सभागृहं विसर्जित झाल्याची घोषणा वाचत होते. 13 डिसेंबरच्या निवडणुकीत फ्रेझर प्रचंड बहुमताने आले.

केर यांनी व्हिटलमना आधी इशारा का दिला नाही? दिला असता तर व्हिटलम लंडनला सांगून त्यांनाच काढतील, ही भीती. दोघांच्याही हातात एकमेकांची नोकरी होती. जो आधी हलेल तो जिंकणार. राणीलाही आधी कळवलं नव्हतं. 1977 च्या सार्वमताने एवढंच बदललं की सिनेटरची रिकामी जागा त्याच पक्षाच्या माणसाने भरायची. पैसे अडवायचा सिनेटचा अधिकार आजही तसाच आहे.

नवी संसद या इमारतीच्या मागच्या टेकडीवर आहे, चालत पंधरा-वीस मिनिटं. ती नाताळचा दिवस सोडून रोज उघडी असते, प्रवेश मोफत. जायच्या आधी कामकाजाचं वेळापत्रक बघा. सभागृहं सहसा सोमवार ते गुरुवार भरतात आणि मधले कित्येक आठवडे भरतच नाहीत. प्रश्नोत्तरं दुपारी दोनला. प्रतिनिधीगृहाच्या प्रश्नोत्तरांची जागा आधी राखून ठेवा, सिनेटला तशी गरज नाही. बॅग आणि कॅमेरा क्लोकरूममध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे दीडलाच पोहोचा.

गॅलरीतून मधलं टेबल बघा. त्यावर राजदंड असतो, आपल्या विधानसभेसारखाच. दोन्ही नेत्यांसमोरच्या पेट्या पाचव्या जॉर्जने 1927 मध्ये भेट दिलेल्या. मतविभाजन मागितलं की टेबलावरचं वाळूचं घड्याळ उलटं करतात, चार मिनिटं घंटा वाजते आणि मग दारं बंद. इमारतीतल्या भिंतीवरच्या घड्याळांत दोन छोटे दिवे आहेत. हिरवा लुकलुकला तर खासदार पळतात, लाल लुकलुकला तर सिनेटर. होकारवाले सभापतींच्या उजवीकडे, नकारवाले डावीकडे.

वरच्या मजल्यावर मॅग्ना कार्टाची, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या इंग्लंडच्या जुन्या सनदेची, 1297 ची प्रत आहे, ऑस्ट्रेलियाने 1952 मध्ये 12,500 पौंडांना घेतलेली. गर्दी कमी असते, वेळ काढा.

दोन्ही सभागृहांनी एकाच मजकुराचं विधेयक मंजूर केलं की ते सहीसाठी यारालुम्लाला जातं, गव्हर्नर-जनरलच्या निवासस्थानी. राजाला वर्षाच्या आत कायदा रद्द करायचा अधिकार कलम 59 मध्ये आहे, पण तो एकदाही वापरला गेलेला नाही. निवासस्थान वर्षातून मोजक्याच दिवशी लोकांना उघडं असतं. गाडी असेल तर लेडी डेन्मन ड्राइव्हवरच्या थांब्यावरून ते दिसतं. छपरावर मुकुटाच्या चिन्हाचा निळा झेंडा असेल तर गव्हर्नर-जनरल घरी आहेत.