शाईपेन जुळवणीची नोंद: अनुस्वार विनादाब उमटेपर्यंत

टेबलावर सध्या तीन पेनं आहेत. पहिल्याची बारीक स्टीलची निब कोरडी चालते. दुसऱ्याची मध्यम निब शब्दाचा पहिला फटकारा सोडून देते. तिसरं एबोनाइटचं (म्हणजे कडक केलेल्या रबराचं), ड्रॉपरने थेट पोटात शाई भरायचं. ते अर्धं रिकामं झालं की शाई ओकतं. तिघांना कसोटी एकच आहे. टोक कागदावर फक्त टेकवायचं, दाबायचं नाही, ओढायचं नाही, आणि टिंब पूर्ण उमटलं पाहिजे. ‘दोन रेघा मारल्या की सुरू होतं’ असं पेन या नोंदीत नादुरुस्तच धरलं आहे.

देवनागरी ही निब तपासायला फार कडक लिपी आहे. मात्रा, वेलांटी, टिंब यांसाठी टोक सारखं उचलून टेकवावं लागतं, त्यामुळे सुरुवातीचा दोष लपायला जागाच उरत नाही. शिरोरेषा डावीकडून उजवीकडे सलग जाते, त्यात शाईचा पुरवठा कळतो. उभ्या दंडात निबेच्या दोन्ही पात्यांवर (मधल्या चिरेने झालेल्या दोन भागांवर) सारखा भार येतो का ते कळतं. अनुस्वाराला तर हालचालीची मदतच नसते. चाचणीचा शब्द ‘संबंधांसंबंधी’ ठेवला आहे: पाच टिंबं आणि लांब शिरोरेषा. पाचही टिंबं सारखी काळी यायला हवीत.

आधी धुणं. २५० मिली कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणद्रवाचा एक थेंब. हे पाणी कन्व्हर्टरने (शाई ओढून घेणाऱ्या पेनातल्या छोट्या नळीने) आत-बाहेर करायचं, मग साध्या पाण्याने निथळ येईपर्यंत. शेवटी निबेचं टोक टिश्यूला लावून अर्धा तास ठेवायचं. डाग रंगीत आला तर जिभेत, म्हणजे निबेखालच्या शाई पुरवणाऱ्या खाचांच्या भागात, अजून शाई आहे. गरम पाण्याने प्लास्टिकची जीभ वाकते आणि एबोनाइट तपकिरी पडतं. स्पिरिट किंवा अल्कोहोल कुठल्याच पेनाला लावायचं नाही, ॲक्रिलिकला त्याने तडे जातात. साबणाने निघत नसेल अशा वाळलेल्या शाईसाठी घरगुती अमोनिया एक भाग, पाणी दहा भाग. पितळ आणि ॲल्युमिनियमचे भाग मात्र यापासून दूर ठेवावेत.

जुळवणी चालू असताना शाई आणि कागद बदलायचा नाही. पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या रंगाची साधी निळी शाई आणि एकाच रीमचा कागद. चमकीची शाई जिभेच्या खाचेत बसते, न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई वाळली की सहज निघत नाही. दोन्हींमुळे निबेचा दोष कुठला आणि शाईचा कुठला हे कळेनासं होतं. लाखेचा अंश असलेली चित्रकलेची काळी शाई तर शाईपेनात घालूच नये.

निदानाचा एक नियम मनात पक्का असला की निम्मं काम वाचतं. सुरुवात अडते पण नंतर ओळ नीट जाते, तर दोष टोकात. सुरुवात उत्तम, पण अर्ध्या ओळीनंतर रेघ फिकी पडत जाते, तर दोष मागे, म्हणजे जीभ, कन्व्हर्टर किंवा हवेच्या वाटेत. हे न पाहता लोक शाई बदलत बसतात.

पेन पहिलं, कोरडी बारीक निब

निब उजेडासमोर धरून दहापट भिंगाने चीर पाहायची. निबेच्या मधल्या भोकाशी ती रुंद असावी आणि टोकाच्या मण्याकडे (कागदाला टेकणाऱ्या कठीण धातूच्या गोळ्याकडे) निमुळती होत जावी. मण्याशी पाती जेमतेम टेकलेली, किंवा केसभर फट. या निबेत प्रकाश मध्यावरच संपत होता, म्हणजे पाती एकमेकांना दाबून बसलेली. शाई बारीक फटीकडे आपोआप ओढली जाते, पण फटच मिटली तर जाणार कुठून?

०.०५ मिमीची पितळी पत्री भोकाच्या बाजूने चिरेत सरकवून टोकापर्यंत ओढून काढली. यात अडकलेला कागदाचा तंतू निघतो, तो निघाल्यावर पुन्हा तपासायचं. फट तरीही मिटलेलीच असेल तर दोन्ही अंगठ्यांची नखं निबेच्या खांद्यांवर ठेवून पाती हलकेच बाजूला ताणायची. स्टील परत फिरतं, म्हणून एकदम जोर न लावता थोडं थोडं. सोन्याची निब मऊ असते, कमी जोरात वाकते आणि वाकलेली राहते, तिथे निम्माच जोर. प्रत्येक ताणानंतर बाजूने बघायचं: निब जिभेपासून उचलली गेली असेल तर शाईची साखळी तुटते आणि नवा दोष तयार होतो. फट जास्त झाली तरी तेच. मण्याशी दोन्ही पात्यांमध्ये ठळक उजेड दिसला की पेन आधी धो-धो चालतं आणि मग मध्येच थांबतं.

स्थिती: पाचही टिंबं येतात. लांब ओळीच्या शेवटी शिरोरेषा मात्र किंचित फिकी पडते. नियमाप्रमाणे दोष मागे शोधला. शाई कन्व्हर्टरच्या मागच्या टोकाला चिकटून राहते, पृष्ठताणामुळे खाली उतरत नाही. आत छोटी स्टेनलेस गोळी टाकली की हा त्रास जातो. गोळी गंजणारी नको.

पेन दुसरं, पहिला फटकारा सोडणारी मध्यम निब

हे पेन हाताला अतिशय मऊ लागतं, आणि तीच खूण आहे. मणी जास्त घासला गेला की चिरेच्या दोन्ही आतल्या कडा गोल होतात. मग कागदाला बाजूचे दोन उंचवटे टेकतात, शाई मात्र मधल्या खोलीत थांबते. दाबलं की पाती फाकतात, शाई खाली येते आणि पुढे पेन छान चालतं. म्हणून अनेकांना यात दोष दिसतच नाही, ते नकळत दाबून लिहायला शिकतात. असल्या निबेला ‘गुळगुळीत’ म्हणून नावाजणं मला पटत नाही. कागदाचा थोडा स्पर्श बोटांना कळला पाहिजे.

घासण्याआधी पाती एका पातळीत आहेत का ते बघायचं, नाहीतर वाकडेपणाच घासून कायमचा होतो. अगदी हलक्या हाताने आडव्या रेघा दोन्ही दिशांनी माराव्या. डावीकडून उजवीकडे जाताना खरखर आली तर डावं पातं खाली आहे, त्याची आतली कड कागदात रुतते. उलट दिशेला आली तर उजवं. खाली असलेलं पातं नखाने वर रेटून सोडायचं, पुन्हा भिंग, पुन्हा रेघ. मराठी लिहिणाऱ्याला डाव्या पात्याचा दोष जास्त छळतो, कारण शिरोरेषेची दिशा तीच.

मग काचेवर ३ मायक्रॉनची मायलर फिल्म, म्हणजे घासायची बारीक कणांची प्लास्टिकची पट्टी. निबेत शाई भरलेली असावी, कोरडं घासू नये. पेन रोजच्या कोनात, साधारण ४५ ते ५० अंशांत धरून स्वतःच्या वजनाने आठचे आकडे काढायचे, चार-पाच झाले की थांबून टिंब तपासायचं. टिंब आलं की ३ मायक्रॉन बंद. पुढे १ मायक्रॉन आणि शेवटी ०.३ मायक्रॉन, तेही कडांची खरखर जाण्यापुरतंच. मण्याचा मिश्रधातू कठीण असला तरी अगदी थोडा असतो; घासलेला परत येत नाही.

स्थिती: टिंब येतं. मधल्या शब्दांत ‘र’ची सुरुवात कधीकधी अजून चुकते. फिल्मकडे पुन्हा जाण्याआधी कागद तपासला, आणि चुकणारे ‘र’ सगळे पानाच्या खालच्या भागात सापडले. हा निबेचा दोष नाही. हाताचं तेल कागदावर बसतं आणि तिथे शाई धरत नाही. हाताखाली कोरा कागद ठेवून पान पुन्हा लिहिलं की खरंखोटं होतं. ज्या पेनाला लोक नावं ठेवतात, त्यातली बरीच या एका कागदाने निर्दोष सुटतील.

पेन तिसरं, एबोनाइट

शाई ओकण्याचं कारण हवेत आहे. २ मिली हवा हाताच्या उबेने ८ अंशांनी तापली तर नुसत्या प्रसरणाने ०.०५ मिली शाई बाहेर ढकलली जाते, म्हणजे एक पूर्ण थेंब. कन्व्हर्टरमध्ये अर्धा मिली हवा असते, तेवढी जास्तीची शाई जिभेचे कंगोरे सांभाळून घेतात. ड्रॉपरच्या पेनात ते भरून जातात आणि थेंब कागदावर पडतो. उपाय साधा आहे: पेन अर्धं रिकामं व्हायच्या आत पुन्हा भरायचं, आणि लिहायच्या आधी पेन मिनिटभर टोक वर करून हातात धरायचं, म्हणजे तापलेली हवा शाई न ढकलता निघून जाते. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर हवा. पेट्रोलियम जेलीने रबराची रिंग फुगते.

या पेनात जीभ आणि निब यांच्यात फटही होती. एबोनाइटची जीभ गरम करून बसवता येते. निब आणि जीभ पेनातून काढून, जोडीने ८५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात वीस-तीस सेकंद धरायची, बाहेर काढताच अंगठ्याने जीभ निबेवर दाबायची आणि दाबूनच थंड पाण्यात न्यायची. पाण्यात धरायला चिमटा वापरावा, बोटं भाजतात. संपूर्ण पेन गरम पाण्यात बुडवायचं नाही.

स्थिती: फट गेली, रेघ ओली आणि एकसारखी. इतकी ओली की अक्षरं आधी लिहून शिरोरेषा नंतर मारली तर सांध्यावर शाई फुटते. निब आवळण्याआधी कागद बदलून बघणार आहे. शाई फुटणं कागदाच्या वजनावर ठरत नाही, त्यावरच्या खळीवर ठरतं. ५२ ग्रॅमचा तोमोए रिव्हर हा पातळ जपानी कागद जे सहज पेलतो ते ८० ग्रॅमचे कित्येक छपाईचे कागद पेलत नाहीत.

पुढचं काम टोपणांचं. रात्रभर पडून राहिल्यावर पहिलं टिंब येत नसेल आणि रेघ नेहमीपेक्षा गडद असेल, तर टोपणातून पाणी उडतंय. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर भरलेलं पेन तोलायचं, आडवं ठेवायचं, आठवड्याने पुन्हा तोलायचं. ०.०५ ग्रॅमच्या वर घट आली तर क्लिपच्या मुळाशी आतून मेणाचा थेंब. तिन्ही पेनं भरून ठेवली आहेत, आकडे पुढच्या नोंदीत.