खार श्वास घेऊ लागली

बाहुल्यांना थोडे थोडे हलवत एकेक फ्रेम टिपून केल्या जाणाऱ्या आपल्या स्टॉप-मोशन चित्रपटाच्या तिसऱ्या दृश्यातील होल्ड, म्हणजे पात्र काही क्षण निश्चल राहण्याचा भाग, अखेर साधला आहे. बाहुलीच्या अंगावरील लवेची वळवळ आणि विनोदाची वेळ या दोन्ही अडचणींतून एका साध्या एम-3 (3 मिलिमीटर जाडीच्या आटेदार) रॉडने वाट काढून दिली, हे सांगण्यासाठी ही नोंद लिहीत आहे. संच, सांगाडे आणि कथानकाचा आराखडा मागील नोंदींत येऊन गेला आहे. वनरक्षकाच्या डब्यातील पोहे आणि शेव पळवणारे खारींचे कुटुंब, त्यांचा मुंगूस मामा आणि साळिंदर आजोबा ही पात्रे तीच आहेत.

या दृश्यात आई-खार दोन्ही पुढच्या पंजांत शेव धरून मागच्या पायांवर बसलेली असते, वनरक्षक अचानक वळून पाहतो आणि ती आहे त्या जागी थिजते. प्रेक्षकाला हसू येते ते आधीच्या धावपळीमुळे नव्हे, तर या थिजण्यामुळे. आणि नेमके तेच लव असलेल्या बाहुलीला सर्वांत अवघड जाते. आपण दोन-दोन फ्रेमवर चित्रण करतो (सेकंदाला 24 फ्रेम, प्रत्येक स्थितीच्या दोन), म्हणजे पडद्यावरील प्रत्येक सेकंदासाठी 12 वेळा बाहुलीला हात लागतो. प्रत्येक स्पर्शानंतर लव किंचित निराळी बसत असल्यामुळे तिच्या अंगावर सतत काहीतरी सरपटत असल्याचा भास होतो. 1933 च्या ‘किंग काँग’मध्ये विलिस ओब्रायन यांच्या चमूने सशाच्या कातडीने मढवलेल्या बाहुल्या वापरल्या होत्या, आणि बोटांच्या स्पर्शाने शहारणारी ती लव आजही स्पष्ट दिसते. संतापलेल्या महाकाय वानराला ती शोभून दिसते. परंतु पकडले जाऊ नये म्हणून निश्चल बसलेल्या खारीच्या अंगावर ती आली, की सारा प्रसंगच निसटतो.

त्यातली खरी गोम अशी, की होल्डच्या फ्रेम घेताना बाहुलीला हात लावलाच नाही, तर क्षणापूर्वीपर्यंत वळवळणारी लव एकाएकी पूर्ण गोठते आणि खार पेंढा भरून ठेवलेल्या प्राण्यासारखी निर्जीव दिसू लागते. तिच्यात जीव राहावा म्हणून पापणी हलवावी, तर चिमट्याचा धक्का गालाला लागतो आणि वळवळ पुन्हा सुरू होते. स्पर्श केला तर शांतता जाते, न केला तर प्राण जातो, असा हा पेच होता.

लव बसवून ठेवण्याचे उपाय आधी करून पाहिले. केसांवर मारण्याचा फवारा पावसाळ्यातील दमट हवेत चिकट राहिला आणि त्यावर धूळ बसली. लाकडाला लावण्याचा पांढरा गोंद पाण्यात पातळ करून ब्रशने लावल्यावर लव बसली खरी, पण दिव्याखाली तिला चकाकी आली. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेली महाग कृत्रिम फर दिसायला देखणी होती, परंतु तिचे केस सुटून संचावर पडत आणि पुढच्या फ्रेममध्ये ठिपक्यांसारखे उमटत. शेवटी इंदूरच्या शीतलामाता बाजारातून आणलेले आखूड लवेचे मखमलच सर्वांत उपयोगी ठरले. स्वस्त आहे, हवा तो मातकट करडा रंग तेथे मिळतो, आणि दुकानदार अर्धा मीटर कापडही कुरकुर न करता कापून देतात. त्यावर ब्रशने फिकट पट्टे रंगवले. सेतू बांधताना प्रभू रामाने पाठीवरून बोटे फिरवली त्या खारीला तीन पट्टे असल्याचे सांगतात, परंतु इंदूरच्या अंगणांत आणि रालामंडलच्या टेकडीवर दिसणारी खार पाच पट्ट्यांची असते. म्हणून आपल्या खारीलाही पाचच पट्टे आहेत.

मखमलाने वळवळ बरीच आटोक्यात आली आणि प्रकाश बदलल्यावर आणखी कमी झाली. बाजूने येणाऱ्या तिरप्या प्रकाशात प्रत्येक केसाची सावली शेजारच्या केसावर पडते, त्यामुळे सूक्ष्म बदलही ठळक दिसतो. मुख्य दिवा पुढे आणून त्याच्यापुढे बटर पेपर ताणल्यावर त्या सावल्या विरल्या. जंगलाची खोली दाखवणारा तिरपा प्रकाश आता केवळ पार्श्वभूमीतील सागाच्या पानांवर ठेवला आहे. तरीही खार गोठत होतीच.

तोडगा सुचला तो टाय-डाउनसाठी, म्हणजे बाहुलीचे पाय मंचाला घट्ट बांधण्यासाठी, मंचाला खालून भोके पाडत असताना. बाहुलीला वरून हात लावायचाच नसेल, तर हालचाल खालून द्यावी! मंचाच्या प्लायवुडमध्ये एक नट पक्का बसवला आणि त्यातून एम-3 आट्यांचा रॉड खारीच्या पायांमधून पोटात नेला. छातीतील स्पंजाखाली पत्र्याची लहान चकती ठेवून तिच्या मध्यभागी खळगा केला, म्हणजे रॉडचे घासून गोल केलेले टोक तेथे फिरत राहते, पण चकती फिरत नाही. एम-3 च्या प्रमाणित आट्यांमधील अंतर 0.5 मिलिमीटर असते. त्यामुळे पाव फेरा दिला, की छाती 0.125 मिलिमीटर वर जाते आणि रॉड उलटा फिरवल्यावर स्पंजाच्या दाबाने खाली येते. कापडाला बोट लागत नाही, मखमल जागचे हलत नाही, आणि तरीही 14 सेंटिमीटर उंचीची खार श्वास घेते. श्वासाच्या दोन्ही टोकांना अष्टमांश फेरे आणि मध्ये पाव फेरे ठेवले, म्हणजे गती आपोआप मऊ होते. पहिला लूप (पुन्हा पुन्हा चालणारा तुकडा) चालवून पाहिला तेव्हा झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट लूप पाहताना उमगली. वनरक्षक वळताच रॉड थांबवला, की खारीने श्वास रोखला आहे हे कोणीही न सांगता कळते. तो पुढे निघाला की छाती पुन्हा धपापू लागते. आधी श्वास दिसल्यामुळेच आता शांततेला अर्थ येतो. राजेंद्रनगरमधील शेजारच्या मुलांना हा तुकडा दाखवला, तेव्हा ती अगदी योग्य क्षणी हसली, आणि त्यांतील सर्वांत लहान मुलीने खारीबरोबर स्वतःचाही श्वास रोखून धरला होता.

यामुळे पाचव्या दृश्याचा आराखडा बदलत आहे. तेथे मुंगूस मामा डबा घेऊन पळतो आणि त्याच्यामागे सारे कुटुंब धावते, असे ठरले होते. आता पाठलाग अर्ध्यावर आणून, सर्वांना एका ओंडक्यामागे रांगेत लपवून श्वास रोखायला लावायचे आहे. साळिंदराच्या शेपटीवरील पोकळ काटे हलले की खुळखुळ आवाज करतात. तेव्हा सगळे निश्चल असताना आजोबांची शेपटी तेवढी वाजत राहील. मामाचे संवाद ध्वनिमुद्रित झाले आहेत आणि प्रत्येक वाक्यात ‘भिया’ (भाऊ) म्हणणारे त्याचे इंदुरी मराठी मला फार प्रिय आहे, परंतु या प्रसंगात त्याला एकही शब्द द्यायचा नाही, असे आता पक्के होत आहे.

आजोबांच्या पाठीवर खराट्याच्या काड्या रंगवून लावणार आहे. शेपटीचे काटे मात्र प्रत्यक्ष वाजायला हवेत, म्हणून पक्ष्यांच्या गळून पडलेल्या पिसांचे पोकळ देठ कापून पाहत आहे. पिल्लांच्या छातीत एम-3 रॉड मावत नाही, त्यासाठी एम-2 लागेल. सियागंजातील ज्या दुकानातून नेहमी बोल्ट घेतो तेथे सुटा एकच बोल्टही आपुलकीने देतात, पण एम-2 चा लांब रॉड त्यांच्याकडे नाही. तो कोणाला इंदुरात मिळाला असेल, तर दुकान कोणत्या गल्लीत आहे ते अवश्य कळवावे. मिळेपर्यंत आई आणि आजोबांचे शॉट आधी घेत आहे.