आमची वाटचाल : चित्राशेजारी किंमत

आमचा धंदा मुळात फ्रेमिंगचा. पुण्यात सदाशिव पेठेत वडिलांचं दुकान. देवादिकांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, पदवीची सर्टिफिकिटं. चित्रकार माउंट करून घ्यायला यायचे आणि बिलाला पैसे कमी पडले की एखादं जलरंगातलं चित्र ठेवून जायचे. ती चित्रं विकता विकता मागच्या खोलीची गॅलरी झाली.

फ्रेमच्या पट्टीचा दर फुटावर असतो आणि तो दुकानात लावलेलाच असतो. तोच रिवाज आम्ही चित्रांना लावला, एवढंच. पण चित्रांच्या दुनियेत ते उद्धटपणाचं ठरलं. बऱ्याच गॅलऱ्यांत कार्डावर नाव, माध्यम, आकार असतो. किंमत विचारावी लागते, आणि विचारणारा कोण यावर उत्तर ठरतं. आमच्या कार्डावर आकडा असतो आणि बिलावर त्याची फोडही. चाळीस हजारांचं चित्र असेल तर चित्रकाराचे सव्वीस, आमचे चौदा. फ्रेम आणि जीएसटी वेगळे.

पहिली कुरकुर चित्रकारांचीच. घरून थेट विकताना ते आमचे चौदा हजार सोडून द्यायचे, म्हणजे तेच चित्र सव्वीसला. किंमत भिंतीवर आल्यावर गिऱ्हाईक दोन्हीकडचे आकडे ताडून बघू लागलं. शेवटी ठरलं की घरी आणि गॅलरीत भाव एकच. ज्यांना हे पटलं नाही ते गेले. त्यात दोघे-तिघे फार चांगले हात होते, अजून हळहळ वाटते.

गिऱ्हाइकाच्या घरा-ऑफिसासाठी चित्रं निवडणाऱ्या इंटिरिअरवाल्यांचं प्रकरण जास्त अवघड. आकड्यात त्यांचा वाटा आधीच चढवून ठेवायचा, ही जुनी रीत. त्यांना कामाचे पैसे मिळायलाच हवेत, पण ते त्यांनी ज्याचं काम करतात त्याच्याकडून उघड मागावेत. यापायी हॉटेलांची, ऑफिसांची मोठी कामं हातची गेली. घासाघीस मात्र कमी झाली. दहा टक्के सोडायचे म्हणून दहा चढवायचे, हा उद्योगच संपला.

भाव ठरतो कसा, हेही लोक विचारतात. नव्या चित्रकाराचा साधारण चौरस इंचावर. 24 × 36 म्हणजे 864 चौरस इंच. पन्नासचा दर धरला तर 43,200. लहान चित्राला इंचाचा दर थोडा चढा, कारण मेहनत आकाराच्या हिशोबात घटत नाही. एक काका खिशातून टेप काढून मोजतात. मोजू देत.

डिसेंबर 2013 मध्ये क्रिस्टीज या लिलावगृहाच्या मुंबईतल्या पहिल्या लिलावात चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं चित्र 23.7 कोटींना गेलं आणि आमच्याकडे माळ्यावरची चित्रं घेऊन लोक येऊ लागले. त्यांना समजवावं लागायचं की छापून येणाऱ्या अशा आकड्यात लिलावगृहाने खरेदीदाराकडून बोलीवर घेतलेला प्रीमियमही असतो, आणि आधी जाहीर केलेला किमतीचा अंदाज त्या प्रीमियमशिवायचा असतो. विकणाऱ्याच्या हाती त्याहून बरंच कमी पडतं. शिवाय लिलावापर्यंत पोचणारी नावं मोजकी. बाकीच्या चित्रकारांचा भाव कुठेच नोंदलेला नसतो, म्हणून आम्ही विकलेल्या प्रत्येक चित्राची किंमत वर्षासह वहीत लिहितो आणि ती वही कुणालाही दाखवतो. गिऱ्हाइकाचं नाव तेवढं झाकून.

सध्या डोकं खातेय ती फेरविक्री. कॉपीराइट कायद्याच्या 53अ कलमात दहा हजारांच्या वर पुन्हा विकल्या गेलेल्या मूळ चित्रात चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा सांगितलाय, जास्तीत जास्त दहा टक्के. प्रत्यक्षात तो मागायला कोण जातं? आमच्यामार्फत पुन्हा विकायचं असेल तर आम्ही पाच टक्के चित्रकाराच्या नावे आधीच पावतीत लिहितो. काही जण हसून सही करतात. काही चित्र बगलेत मारून दुसऱ्या दुकानाची पायरी चढतात, आणि मग ते कितीला गेलं हे आमच्या वहीत येत नाही.