पुणे–सासवड, पायांच्या अंगाने

भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरातून माऊलींची पालखी पहाटे निघते, तेव्हा निम्मे पाय आधीच आळंदी–पुणे चाललेले असतात आणि निम्मे कालपर्यंत खुर्चीवर बसलेले. एका दिवसाची वारी करणारे पुणेकर या दुसऱ्या गटातले. टप्पा मात्र दोघांना सारखाच: तीस किलोमीटरच्या आसपास, मध्ये दिवे घाट, आणि बहुधा योगिनी एकादशीचा उपास. मी हा टप्पा खाली बघत चालतो. पाय बघणं हा व्यवसाय आहे, ती सवय रस्त्यावर सुटत नाही.

हिशोब साधा आहे. ७० सेंटिमीटरचं पाऊल धरलं तर ३० किलोमीटरला सुमारे ४३ हजार पावलं, म्हणजे एका पायाच्या वाट्याला साडेएकवीस हजार. दर पावलाला त्या पायावर शरीराच्या वजनाहून थोडा जास्त भार येतो. एका पावलात हाडं २६, दोन्ही मिळून ५२. अंगातल्या २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा घोट्याच्या खाली आहे, आणि आपण तो रस्त्यावर घेतलेल्या दोनशे रुपयांच्या चपलेत घालून घाट चढायला निघतो.

पूलगेट ते हडपसर रस्ता सपाट, तरी पाय सगळ्यात आधी इथेच भरून येतात. कारण इथे चालणं कमी आणि थांबणं जास्त. पायातलं रक्त वर चढतं ते पोटरीच्या जोरावर. पोटरीत वरचा दुहेरी गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याच्याखाली चपटा, जाड सोलियस. पाऊल रेटताना हे दोघे आवळले की आतल्या शिरा पिळल्या जातात, शिरांमधल्या झडपा रक्ताला खाली परतू देत नाहीत, आणि ते गुडघ्याच्या वर ढकललं जातं. माणूस नुसता उभा राहिला की हा पंप बंद. रथामागच्या गर्दीत दोन पावलं चालून पाच मिनिटं थांबलं, की तासाभरात मोज्याच्या रबराचा वळ घोट्यावर उठतो. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून उचलला तर खळगा राहतो.

गंमत अशी की दिंडीच्या आत चालणाऱ्यांचे पाय त्या मानाने कमी सुजतात. अभंग चालू असताना दिंडी थांबली तरी टाळकरी थांबत नाहीत. पावली चालू असते, टाच उचलते, टेकते, गुडघा वाकतो. सोलियसला तेवढं पुरतं. कडेला मोबाइल उंच धरून ताठ उभे राहणारे सुजतात. दिंडीत नसाल तर थांबल्याजागी दर मिनिटाला दहा-पंधरा वेळा टाचा उचला. कुणी हसत नाही. हसलंच तर सांगावं, पावली शिकतोय.

हडपसरला गाडीतळाजवळ दोन्ही पालख्यांच्या वाटा फुटतात, तुकोबारायांची लोणी काळभोरकडे आणि माऊलींची सासवडकडे. बूट काढून बघायची हीच जागा. फोड आलेला असेल तर तो आतापर्यंत दिसतो, येणार असेल तर जळजळ सांगते. फोड घासून येतो असं सगळे म्हणतात, ते अर्धंच खरं. घामाने ओलसर झालेली कातडी मोज्याला चिकटते, मोजा बुटाला चिकटतो, आणि आतलं टाचेचं हाड मात्र पुढेमागे सरकत राहतं. कातडीचे थर एकमेकांवर ओढले जातात, हजारो ओढींनंतर वरच्या थरात फट पडते आणि तिच्यात पाणी भरतं. म्हणून जळजळ सुरू होताच थांबायचं: पाय कोरडा करा, औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावा, मोजा बदला. सुती मोजा पाणी धरून ठेवतो, त्यामुळे पावसात दुसरी जोडी नसेल तर निदान पिळून घाला. नवे बूट वारीला घालणाऱ्याला मात्र कुठलीच पट्टी वाचवत नाही.

छोटा फोड तसाच ठेवायचा. मोठा, टरटरून फुगलेला आणि पाऊल टेकू न देणारा असेल तरच साबणाने धुऊन, जंतुनाशक लावून, इंजेक्शनच्या नव्या सुईने कडेला दोन भोकं पाडायची आणि पाणी दाबून काढायचं. वरची कातडी कापायची नाही, तिच्याइतकी चांगली पट्टी दुसरी नाही. काही जण सुईने दोरा ओवून तो आतच सोडतात. त्या दोऱ्यावरून घाण आत जाते, ते करू नये. मधुमेह असेल तर सुई हातातच घेऊ नये, सरळ वैद्यकीय पथकाच्या गाडीकडे जावं. मधुमेहात तळव्याची जाणीव गेलेली असू शकते, म्हणून दुखत नाही याचा अर्थ काही झालेलं नाही असा होत नाही. दर थांब्याला तळवा डोळ्यांनी बघायचा, वाकता येत नसेल तर दुसऱ्याला दाखवायचा.

गाडीतळापाशी फुटपाथवर बसलेल्या एक मावशी पाय पुढे करून म्हणाल्या, "माऊली, बोटांत आग होतीया, बघा जरा." करंगळी आणि शेजारचं बोट फाकवलं. बेचक्यातली कातडी पांढरी, भिजलेल्या कागदासारखी फुगलेली, तळाशी केसाएवढी लाल चीर. चिखल्या. करंगळीची बेचकी सगळ्यात घट्ट, तिथे वारा लागत नाही, म्हणून चिखल्या तिथूनच सुरू होतात. दुखणं बारीक दिसतं, पण ती चीर म्हणजे जंतूंना उघडं दार. पुढे पाय लाल, गरम होऊन ताप येतो तो पुष्कळदा इथूनच. उपाय सोपा आहे: बेचक्या पुसून कोरड्या करायच्या, बुरशीनाशक पावडर टाकायची, आणि बोटं चिकटू नयेत म्हणून मध्ये कोरड्या सुती कापडाची पट्टी ठेवायची. दर दोन-तीन तासांनी पट्टी बदलायची. मावशींनी जुन्या लुगड्याची चिंधी फाडून आठ पट्ट्या केल्या आणि सात कमरेला खोचल्या.

त्यांच्या पायात अंगठ्याची सैल चप्पल होती. तिच्याबद्दल एवढंच की ती पायात राहावी म्हणून बोटं सतत आत वळवून धरावी लागतात. बोटं वळवणारे स्नायू पोटरीत खोल असतात, त्यांच्या लांब दोऱ्या घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्यात येतात. दिवसभर ही पकड धरली की संध्याकाळी तळव्यात वांब येतो, आणि माणूस पाणी कमी प्यालो म्हणतो. मागे पट्टा असलेली चप्पल घेतली की पकड सुटते. उपासाच्या दिवशी पाणी आणि मीठही कमी पडतंच, ते वेगळं. मीठ-साखरेच्या पाण्याचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळायचं, ग्लासात नाही. उपासाला ते चालतं का, यावर मी वाद घालत नाही. शेंदेलोण-लिंबू-साखर तरी घ्या.

वडकी सोडली की घाट. सपाटीवर जवळपास झोपलेला कुल्ल्याचा मोठा स्नायू, ग्लुटियस मॅक्सिमस, इथे कामाला लागतो. घोटाही सपाटीपेक्षा जास्त वाकावा लागतो. पोटरी आखडलेली असेल तर तो वाकत नाही, टाच लवकर उचलते आणि सगळा भार चवड्यावर जातो. चवड्यावर घाट चढणारा माणूस पहिल्या वळणानंतर पोटरी धरून कठड्याला टेकलेला दिसतो. पाऊल आखूड घ्या, टाच टेकवा, कंबरेतून नाही तर खुब्यातून किंचित पुढे झुका. पोटरीत गोळा आलाच तर चोळत बसण्याआधी गुडघा सरळ करून चवडा नाकाकडे ओढा आणि अर्धा मिनिट धरा.

डोक्यावर तुळशी वृंदावन घेतलेल्या बायकांकडे घाटात नीट बघावं. एक पाय उचलला की श्रोणी, म्हणजे कमरेखालचं हाडांचं कडं, त्या बाजूला पडायला हवी, कारण आधार एकाच पायाचा. ती पडू नये म्हणून टेकलेल्या बाजूचा ग्लुटियस मीडियस, कुल्ल्याच्या कडेचा स्नायू, तिला बाहेरून आवळून धरतो, आणि त्या ओढीमुळे खुब्याच्या सांध्यावर वजनाच्या अडीच-तीन पट दाब येतो. हे दर पावलाला. तरी वृंदावनातली तुळस जेमतेम हलते. गुडघे किंचित वाकलेले, पाऊल लहान, नजर समोर. सरावाचा खुबा काय असतो ते तिथे दिसतं.

काही जण मस्तानी तलाव वरून बघून घाटमाथ्यावरून वडकीकडे परत चालत उतरतात. उतरताना दम लागत नाही, म्हणून सोपं वाटतं. उतारावर मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स लांबत लांबत ब्रेक लावतो, आणि अशा कामाने स्नायूचे धागे चढण्यापेक्षा जास्त दुखावतात. त्या दिवशी काही कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं.

उतरताना किंवा खड्ड्यात पाय मुरगळला तर बहुतेक वेळा पाऊल आत वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा पुढचा अस्थिबंध ताणला जातो. सूज किती आली यावरून मोडलं की नाही ठरवू नका. घोट्याच्या दोन्ही गाठींची मागची कड, खालच्या सहा सेंटिमीटरपर्यंत, दाबून बघा. करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर बाहेर आलेलं हाड दाबा, आणि आतल्या बाजूला कमानीच्या माथ्याचंही. यांपैकी कुठे हाडावरच दुखलं, किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर क्ष-किरण काढावा लागतो.

सासवडला पोचल्यावर तंबूतंबूत तेलमालिश सुरू होते. मालिश बोटांकडून वर गुडघ्याकडे करायची, उलटी नाही. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दाबल्यावर दुखणारी असेल तर तिला तेलाचा हातही लावायचा नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते, तो पाय डॉक्टरनेच बघायचा.

सासवडला मुक्काम दोन. पहिल्या सकाळी उठल्याउठल्या टाचेत सुई टोचल्यासारखं होतं. रात्री पाऊल खाली झुकलेलं राहतं आणि टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला जाड पट्टा, प्लांटार फॅशिया, आखडतो. पहिलं पाऊल त्याला एकदम खेचतं. उभं राहण्याआधी अंथरुणातच बोटं हाताने नडगीकडे ओढून दहा मोजायचं, असं दहा वेळा. मग पाण्याच्या भरलेल्या बाटलीवर तळवा दोन मिनिटं फिरवायचा, आणि मगच चहाच्या रांगेत जायचं.