तुंबाड : इथे भूत मागे लागत नाही

पांढरी साडी, पैंजण, करकरणारा दरवाजा आणि 'त्या वाड्यात जाऊ नका' म्हणणारा म्हातारा रखवालदार, हे सगळं इतक्यांदा बघून झालंय की आता भीती सोडाच, पुढे काय होणार ते आपणच शेजारच्याला सांगत बसतो. म्हणून मला तुंबाड (2018) हा सिनेमा भारी वाटतो. दिग्दर्शक राही अनिल बर्वेने हॉररचे नेहमीचे साचे टाकून नाही दिलेत, सरळ उलटे फिरवलेत.

आता बघा, आपल्याकडे पोराला झोपवायला बागुलबुवाची भीती घालतात ना, इथे साखळीने बांधलेली भयानक म्हातारी आहे आणि तिला झोपवायला पोरगं हस्तर नावाच्या राक्षसाचं नाव घेतं!

आणि मेन गोष्ट म्हणजे इथे हा राक्षस कुणाच्याही मागे लागत नाही, तो बिचारा एका वाड्याखाली अडकलेला, भुकेला. सिनेमाचा नायक विनायकरावच दोर सोडून त्याच्याकडे उतरतो, पिठाचं रिंगण आखतो, कणकेची बाहुली काढतो, हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातली सोन्याची नाणी ओढतो आणि घरी, म्हणजे जवळजवळ नोकरीच. आता यात सस्पेन्स कुठून येणार?

सस्पेन्स सिनेमांचा दिग्दर्शक हिचकॉक, त्याचं ते टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण फेमस आहे, बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहितीये, पात्रांना नाही, म्हणून आपला जीव वर-खाली. पण इथे विनायकला सगळे नियम आपल्याइतकेच पाठ आहेत, मग पुढे पोरालाही शिकवतो, आणि आपणही निवांत होतो की बाहुली, रिंगण, नाणी, झालं काम.

(पाहिला नसेल तर इथेच थांबा, पुढे स्पॉयलर आहे.)

शेवटी पोरगं आयडिया काढतं, एकच बाहुली कशाला, खूप नेऊ आणि अख्खा लंगोटच पळवू. आणि मग जितक्या बाहुल्या तितके हस्तर! कुठलाच नियम मोडलेला नाही हो, उलट तोच नियम नीट लावला तर हेच होणार होतं, फक्त आपल्याही डोक्यात तोवर सोनंच होतं त्यामुळे हिशेब कुणीच केला नव्हता. दचकवायला मागून धाडकन म्युझिक वाजवणाऱ्यांना हे कधी जमायचं नाही.

काही जण म्हणतात ही लोभाची गोष्ट आहे, हॉरर नाहीच. मला नाही पटत. हस्तरमुळे त्या म्हातारीचं काय झालं हे लहानपणी डोळ्यांनी बघून पण विनायक परत त्याच वाड्यात जातो, याहून भीतीदायक अजून काय पाहिजे?