मॅडम, ते सारं खोटंच होतं नं?

हा प्रश्न मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी ऐकावा लागतो. कधी पंगतीत, कधी एसटीची वाट पाहताना, कधी चक्कीवर दळण टाकताना. "मॅडम, त्या कोरोनात सांगत होते ते सारं खोटंच होतं नं?" विचारणाऱ्याला उत्तर एका शब्दात हवं असतं आणि तो शब्दही त्याचा ठरलेला असतो. मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. कोरोनात हातातला खडू सुटला नि ताप मोजायची थर्मल गन आली, म्हणून डॉक्टरला विचारायचं लोक मला विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते, पण एका शब्दात नाही जमायचं.

सुरुवात माझ्या फजितीपासून करते.

एप्रिल २०२०. गावात ट्रॅक्टरवरच्या फवारणी पंपात सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक भरून गल्ल्या धुऊन काढल्या. तोवर पुण्याहून कसेबसे परतलेले चार पोरं वेशीवर आले. त्यांनाही ओळीत उभं केलं आणि नोझल त्यांच्याकडे वळवलं. मी बाजूला वही घेऊन त्यांची नावं लिहीत होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट गाव किती जागरूक आहे असं वाटलं. कपाशीवाला एक शेतकरी पुढं झाला आणि त्यानं पंपवाल्याचा हात धरला. "अंगावर फवारा घ्याचा नसते बावा. हे आता आमाले शिकवा लागते का?" २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. हा तेव्हा आठ दिवस दवाखान्यात होता. डोळ्यांची आग काय असते ते त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. पुढं १८ एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानंच कळवलं की माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका, उपयोग तर नाहीच, वर अपाय होतो. आमच्या वेशीवर तो निकाल आधीच लागून गेला होता. गावातला पहिला खोटा उपाय त्यानं पकडला, मी नव्हे.

दुसरी चूक याहून जड आहे. २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं ठासून लिहिलं की कोविड हवेतून पसरत नाही. मी ते मराठीत करून पालकांच्या ग्रुपवर टाकलं. लोकांनी मनावर घेतलं. नोटांवर इस्त्री फिरली, वांगी साबणानं धुतली गेली, आणि समाजमंदिरात खिडक्या लावून, दाराशी सॅनिटायझरची बाटली ठेवून सभा झाल्या. सर्वसामान्यांनीही मास्क घालावा ही शिफारस त्याच संघटनेनं ५ जूनला केली. हवेतून पसरतो हे तिनं स्वच्छ शब्दांत लिहायला २०२१ उजाडलं. ती दुरुस्तीही मी ग्रुपवर टाकली. खाली एक अंगठा आला. एकच.

त्यामुळे "तुमचंच तर उलटसुलट चालू होतं" असं कोणी म्हटलं की मी आधी "हो" म्हणते. तो "हो" ऐकल्याशिवाय पुढचं ऐकायला कोणी थांबत नाही, हा माझा अनुभव.

मग "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" आलं, सप्टेंबर २०२० मध्ये. आशाताई आणि मी घरोघर फिरायचो. तिच्याकडे ऑक्सिमीटर, माझ्याकडे ती गन. आमच्या आधी मोबाईलवरून बातमी पोचलेली असायची : गनमधून किरण निघतात, मेंदू जळतो. ऑक्सिमीटर लावला की पॉझिटिव्ह दाखवतात, उचलून नेतात, किडनी काढतात. एका म्हातारीनं कपाळावर पदर घट्ट ओढला आणि मनगट पुढं केलं. "डोक्यावर नोको लावू वं माय." मी वाद घातला नाही. बटण बदलून गन तिच्या माठाकडे धरली, मग उन्हातल्या टिनाकडे, मग शेळीकडे. आकडे बदलत गेले. ही काही सोडत नाही आजी, समोरच्याची उष्णता फक्त घेते, चुलीजवळ हात नेला की तुम्हाला कळतं तसं. म्हातारी हसली, पण पदर काही काढला नाही. तेवढ्यात वावरातून तिचा मुलगा आला. गननं त्याचा ताप १०१ दाखवला. "मशीनच खोटी हाय," तो म्हणाला, आणि खरं सांगायचं तर चुकीचं बोलला नाही. ऑक्टोबरच्या उन्हात तापलेली कातडी होती ती. निंबाखाली पंधरा मिनिटं बसवलं, आकडा उतरला. मग म्हातारीनं पदर सरकवला. माझ्या बोलण्यानं नव्हे, पोराचा आकडा उतरताना तिनं पाहिला म्हणून.

तेव्हापासून, जमेल तिथं, मी निकाल देणं सोडलं. करून पाहू म्हणते.

जून २०२१. नाशिकच्या एका गृहस्थाच्या अंगाला लस घेतल्यावर चमचे-नाणी चिकटतात, हा व्हिडिओ आमच्याकडे पाऊस यायच्या आधी आला. शाळेच्या ओट्यावर गर्दी. एका लस घेतलेल्या पोराच्या दंडावर नाणं लावलं, चिकटलं. सगळे गप्प. मी विचारलं, लस न घेतलेलं कोण आहे? चक्कीवाले भाऊ ऐटीत सदरा काढून पुढं आले. मी घरून जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, डाव आणला होता, मुद्दाम, कारण जर्मनला लोहचुंबक ओढत नाही हे आमच्या पाचवीच्या पोरांनाही माहीत होतं. डाव भाऊंच्या छातीवर चिकटला. जूनचा घाम आणि वऱ्हाडातली उमस, न चिकटून सांगतो कोणाला! मग छातीवर पावडर थापली. डाव टणकन फरशीवर पडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अर्धा मिलिलीटर औषधात चुंबक कुठून येणार, हे सांगायची वेळच आली नाही.

भाऊंनी म्हणून लस घेतली का? नाही. त्यांची भीती वेगळी होती. वहिनींनी मे महिन्यात पहिला डोस घेतला आणि त्याच आठवड्यात तो मेसेज आला : नोबेलवाल्या ल्यूक माँतानिए यांनी सांगितलं, लस घेतलेले दोन वर्षांत मरणार. भाऊंनी चक्कीच्या भिंतीवर, उधारीच्या आकड्यांशेजारी, कोळशानं तारीख लिहिली : मे २०२३. मी पाहिलं तेव्हा मला राग आला नाही, पोटात कालवलं.

माँतानिए खरे होते, २००८ चं नोबेलही खरं, एचआयव्हीच्या शोधासाठी मिळालेलं. पण दोन वर्षांची गोष्ट ते बोललेच नव्हते. पीआयबीनं, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयानं, मे महिन्यातच ते खोडून काढलं. लसीमुळे नवे विषाणू तयार होतात असं मात्र ते म्हणाले होते, आणि तिथं आमच्याच भागातल्या तारखा आड येतात. डेल्टा हा कोरोना विषाणूचा नवा प्रकार भारतातल्या नमुन्यांत ऑक्टोबर २०२० चा आहे. आपल्याकडे पहिली लस १६ जानेवारी २०२१ ला टोचली. अमरावती फेब्रुवारीत पुन्हा बंद झाली, तेव्हा साध्या माणसाला लस मिळतच नव्हती. हे भाऊंना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि लस घेतली दिवाळीत, मुलगी बाळंतपणाला माहेरी येणार म्हणून.

मे २०२३ आला, गेला. वहिनींना मात्र एक वर्षानं, २०२४ च्या मे महिन्यात धडकी भरली. टीव्हीवर आलं की कोविशिल्ड लसीच्या मूळ कंपनीनं लंडनच्या कोर्टात रक्ताच्या गाठी होऊ शकतात हे कबूल केलं. "आता मले होईल का काही, मॅडम?" ही बातमी खोटी म्हणता येत नव्हती. ती खरीच होती, फक्त नवी नव्हती. युरोपच्या औषध संस्थेनं एप्रिल २०२१ मध्येच हा दुष्परिणाम नोंदवला होता, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात आपल्या सरकारी समितीनं दहा लाख डोसमागे ०.६१ इतके संशयित रुग्ण सांगितले होते. हे तेव्हा गावात कोणी मोठ्यानं सांगितलं नाही. मीही नाही. लोक घाबरतील म्हणून. म्हणून तीन वर्षांनी ते लपवलेलं पाप बाहेर पडल्यासारखं दिसलं. वहिनींना एवढंच सांगितलं की त्या गाठी व्हायच्या तर डोसनंतर काही आठवड्यांत होतात, तीन वर्षांनी नाही. "हे तेवाच सांगाचं होतं," त्या म्हणाल्या. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हल्ली भाऊ वावरात असतात, चक्की वहिनीच चालवतात. परवा मी ज्वारी घेऊन गेले. भिंतीवर ती तारीख अजून आहे. तिच्या खाली वहिनींनी माझी उधारी लिहिली आहे.