पट्टा दोनदा बदलला, दोष ७० रुपयांच्या सीलचा निघाला

आमची गाडी ११० सीसीची गिअरलेस स्कूटर. कासच्या वाटेवरच्या गावातनं रोज पहाटे साताऱ्यात रतीब घालायला उतरते आणि नऊच्या आसपास यवतेश्वरचा घाट चढून परत येते. उतरताना २० लिटरच्या दोन किटल्या, येताना किटल्या रिकाम्या पण पायापाशी ५० किलोचं सरकी पेंडीचं पोतं, म्हणजे चढाला खरा भार येतो आणि गाडीनं दगा दिला तो पण तिथंच.

ऑगस्टमध्ये सुरू झालं. घाटातल्या वळणावर एक्सलेटर पिळला की इंजिनाचा आवाज चढतोय आणि गाडी मात्र ३५ वरनं २० वर येतेय. मिस्त्री म्हणाले पाणी गेलंय आत, बेल्ट (इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडं नेणारा पट्टा) पण झिजलाय, बदलून दिला. महिनाभर बरं चाललं, मग ऑक्टोबरात कडक ऊन असताना परत तेच! तेव्हा माझ्या डोक्यात आलं की पाण्यानं पट्टा घसरला असता तर वाळल्यावर धरला असता, उन्हात कसा काय घसरतोय. तरी दुसरा बेल्ट टाकला, तो ९०० किलोमीटरला गेला. आता मिस्त्री म्हणाले क्लच पण गेलाय, सगळा सेट बदलू, अडीच हजार होतील.

अडीच हजार म्हणजे आमच्या घरात पेंडीचं एक पोतं आणि वर किराणा, म्हणून आधी नीट विचार करायचं ठरवलं. गावातले गिरणीवाले आप्पा पट्ट्यांच्या कामात मुरलेले आहेत, त्यांना सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "गाडी जाग्यावरनं उठताना झटके देते का चालत्यात घसरते?" मी म्हणलं उठताना एकदम मऊ उठते, घसरते ती चालत्यात, चढाला. "मग क्लचला हात लावू नको, पट्टा का घसरतो ते बघ." हे मला लगेच पटलं, कारण क्लचचे शू (घासून धरणारे तुकडे) गाडी उठताना त्यांच्याभोवतीच्या लोखंडी वाटीला धरतात, एकदा वेग आला की घट्ट बसलेले असतात. शू चिकट किंवा काचेसारखे झाले असले तर गाडी उठतानाच थरथरते. पुढं मी राळ लावू का विचारलं (कडबाकुट्टीच्या पट्ट्याला लावतो तशी), तर आप्पा जवळजवळ ओरडलेच. कुट्टीचा पट्टा एकाच जागी फिरतो, स्कूटरचा पट्टा पुलीच्या तोंडावर सारखा वरखाली सरकतो, चिकट लावलं की तो सरकायचाच बंद होतो.

रविवारी अंगणात किक कव्हर खोललं. पुढच्या पुलीच्या तोंडावर मार्करनं मधनं काठापर्यंत सरळ रेघ मारली, कव्हर लावून सपाट रस्त्यावर जोरात फेरी मारली आणि परत खोललं. पट्टा जिथपर्यंत चढतो तिथपर्यंत रेघ पुसली जाते, माझी काठापासली तीनचार मिलिमीटर तशीच राहिली होती. म्हणजे पट्टा पूर्ण चढतच नव्हता. व्हेरिएटर (पुढच्या पुलीचा रोलर बसवलेला भाग) काढला तर ६ रोलरपैकी ४ एका बाजूनं सपाट झालेले. रोलर वेगानं बाहेर फेकले जातात आणि पुलीची तोंडं जवळ दाबतात, तसा पट्टा वर चढतो; सपाट रोलर नीट घरंगळत नाही, मधेच अडतो.

पण रोलरनं टॉप स्पीड कमी होईल, नवा पट्टा ९०० किलोमीटरला कसा जाईल? उत्तर मागच्या बाजूला होतं. पुढं कव्हरमधली काळी भुकटी कोरडी, फुंकली की उडत होती. मागच्या पुलीपाशी तीच भुकटी लोण्यासारखी बोटाला चिकटली. बोट नाकाशी नेलं, गिअर ऑइलचा तो उग्र वास. मागची पुली काढली तर तिच्यामागं शाफ्टच्या ऑइल सीलभोवती (तेल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी) ओल धरलेली. तेलाचा बारीक थेंब पुलीवर, तिथनं पट्ट्यावर. दोन्ही वेळा पुलीमागं कुणी बघितलंच नव्हतं, मला याचंच जास्त वाईट वाटलं.

तेल किती गेलंय ते बघायला गिअर ऑइल काढलं आणि जनावराला औषध पाजायच्या २० मिलीच्या सिरिंजनं मापलं (ती आता ऑइललाच ठेवलीय). आमच्या गाडीला १२० मिली लागतं, सिरिंज चारच भरल्या. वरनं गिअरबॉक्सची हवा जायची जी बारीक नळी असते ती कासकडच्या लाल मातीनं गच्च बसलेली, तारेनं टोकरली तेव्हा गोळी निघाली. हवेला वाट नाही, तेल गरम झालं की दाब सीलवर, म्हणून आधीच थकलेलं सील गळायला लागलं.

सील ७० रुपयांचं. रोलर सहाच्या सहा नवे, पट्टा परत नवा घ्यावाच लागला कारण तेल प्यालेला पट्टा पुसून चालत नाही. पुल्यांची तोंडं थिनरनं पुसली, ग्रीसचा हात कुठं लागू दिला नाही. बसवताना एक गोष्ट जपली, पट्टा आधी मागच्या पुलीत दाबून खोल घातला म्हणजे पुढं तो ढिला राहतो आणि मगच पुढचा नट आवळला. पट्टा तोंडात चिमटला गेला तर नट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि चार दिवसांनी सुटतो, शाफ्टचे दातेच खातो. नट मात्र साताऱ्यात गोडोलीला गॅरेजमधल्या नट आवळायच्या गनवर आवळून घेतला, घरच्या पान्यानं तेवढं होत नाही.

मार्करची रेघ परत मारली, या वेळी काठापर्यंत पुसली गेली. दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन घाट चढलो, त्याच वळणावर काटा ३५ ला ठाम.

आता साडेचार हजार किलोमीटर झालेत. परवा कव्हर खोलून बघितलं, भुकटी दोन्हीकडं कोरडी. गिअर ऑइल काढून मापलं, सिरिंज सहा भरल्या.